स्टेज तीन, स्कोअर तीन : द्राक्षगर्भानंतरच्या कॅन्सरविषयी

पिंपळगाव बसवंतहून एका तरुणाने आपल्या वहिनींबद्दल विचारलं आहे. वहिनी २७ वर्षांच्या, पहिलंच गरोदरपण. तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफीत द्राक्षगर्भ (बाळाऐवजी वारच फुगून वाढलेला गर्भ) निघाला, पिशवी साफ केली. नंतर दर आठवड्याला रक्तातलं बीटा एचसीजी (गरोदरपणाचं संप्रेरक) तपासलं, त्याचे आकडे क्रमाने असे : १८,२००, ३,९००, २,१००, २,७५०, ४,६००, ८,४००. छातीच्या एक्स-रेत दोन ठिपके, सोनोग्राफीत गर्भाशयाच्या भिंतीत साडेतीन सेंटिमीटरची गाठ. मेंदूचा एमआरआय आणि पोटाचा सीटी स्वच्छ. नाशिकच्या डॉक्टरांनी ‘जीटीएन, स्टेज ३’ असं लिहून केमोथेरपी लगेच सुरू करायला सांगितलं आहे. घरच्यांचे प्रश्न असे : बायोप्सी न करताच कॅन्सर कसा ठरवला? तिसरी स्टेज म्हणजे आता हातात काय उरलं? पिशवीच काढून टाकली तर इंजेक्शनं टळतील का? पुढे मूलबाळ होईल का? शेवटी एक ओळ आहे : वहिनींना अजून काही सांगितलेलं नाही.

आधी तिसऱ्या स्टेजचं बोलू, कारण घरात रडारड त्यावरूनच झाली असणार. स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये फुप्फुसात गाठी दिसल्या तर आम्ही डॉक्टरही गंभीर होतो. या आजारात तसं नाही. इथे स्टेज फक्त आजार कुठवर गेला ते सांगते. तो किती चिवट आहे आणि कोणतं औषध द्यायचं हे ठरतं स्कोअरवर. तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून वहिनींचा स्कोअर ३ येतो. ६ पर्यंत कमी जोखीम, ७ पासून पुढे जास्त. कमी जोखमीच्या गटातल्या जवळजवळ सगळ्या बाया पूर्ण बऱ्या होतात. हे तुम्हाला धीर द्यायला म्हणत नाही. जगभरातली केंद्रं गेली कित्येक वर्षं हेच नोंदवत आली आहेत. अटी दोनच, उपचार वेळेवर सुरू व्हावेत आणि मधेच सुटू नयेत. मला काळजी आहे ती या दुसऱ्या अटीची.

आता आजार काय आहे ते. गर्भ राहिला की बाळाबरोबर वारही वाढते. वारेच्या पेशींचा स्वभावच गर्भाशयाच्या भिंतीत शिरून रक्तवाहिन्यांपर्यंत पोचण्याचा असतो, त्याशिवाय बाळाचं पोषण होणार नाही. द्राक्षगर्भात बाळ नीट घडतच नाही, वारच भरमसाट वाढते आणि तिचे अंकुर पाण्याने फुगून घडासारखे दिसतात. पिशवी साफ केल्यावर बहुतेकींच्या बाबतीत उरलेल्या पेशी आपोआप मरतात. पण पूर्ण द्राक्षगर्भानंतर साधारण १५ ते २० टक्के बायांमध्ये त्या जिवंत राहतात, भिंतीत शिरतात, कधी रक्तातून फुप्फुसात जातात. अपूर्ण द्राक्षगर्भात हे प्रमाण बरंच कमी, १ ते ५ टक्के. वारेच्या पेशींच्या अशा सगळ्या आजारांच्या कुटुंबाला जीटीएन म्हणतात. कोरिओकार्सिनोमा हा त्यातलाच सर्वांत आक्रमक प्रकार.

इथेच एक गोष्ट स्पष्ट करते, कारण घराघरांत तिचा त्रास सुनेलाच होतो. ग्रहणात भाजी चिरली, उष्ण खाल्लं, स्कूटरवर बसली, कुणाची नजर लागली, यातल्या कशानेही हा आजार होत नाही. पूर्ण द्राक्षगर्भात बहुतेक वेळा आईच्या बीजात केंद्रकच नसतं. एक शुक्राणू आत शिरतो आणि स्वतःची दुप्पट करतो, म्हणजे त्या गर्भातली गुणसूत्रं सगळीच्या सगळी वडिलांकडून आलेली असतात. अपूर्ण प्रकारात एका बीजात दोन शुक्राणू शिरतात आणि ४६ ऐवजी ६९ गुणसूत्रं होतात. म्हणून दोष तुमच्या दादांचा, असंही नाही. फलनाच्या त्या घडीला झालेली ही गडबड आहे, ती कुणाच्याही घरी होऊ शकते. मात्र सासूबाईंनी सुनेकडे बोट दाखवलं तर ही गुणसूत्रांची गोष्ट त्यांना जरूर सांगा. माझ्या ओपीडीत तिचा उपयोग होतो.

बायोप्सीचा प्रश्न तुम्ही विचारलात हे योग्यच. कॅन्सर म्हणजे तुकडा काढून तपासणं, त्याशिवाय केमो नाही, हा नियम इतर जवळजवळ सगळीकडे आम्हीही कटाक्षाने पाळतो. हा आजार त्याला ठळक अपवाद आहे आणि त्याची दोन कारणं आहेत. पहिलं, या पेशी एचसीजी हे संप्रेरक तयार करतात, तेच जे गरोदरपणाच्या पट्टीवर दोन रेघा आणतं. जितक्या पेशी जिवंत, तितका आकडा. नुकताच द्राक्षगर्भ साफ केलेल्या बाईत, नवीन गर्भ राहिलेला नसताना, हा आकडा चढत असेल तर सहसा दुसरा अर्थ निघत नाही. दुसरं, या गाठी रक्ताने भरलेल्या असतात. योनीत एखादी निळसर-जांभळी गाठ दिसली आणि कुणी उत्साहाने तिचा तुकडा घेतला, तर रक्तस्राव आवरता आवरत नाही. फुप्फुसातल्या ठिपक्यात सुई घालण्याचीही गरज नसते. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी बायोप्सी टाळली ती जाणूनबुजून, नियमाला धरून.

नियम असा : पहिल्या, सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशीचे चार आकडे जागचे हलत नसतील, म्हणजे फरक दहा टक्क्यांच्या आत असेल, तर जीटीएन. किंवा दोन आठवड्यांत ओळीने तीन आकडे दहा टक्क्यांपेक्षा जास्त चढले, तर जीटीएन. वहिनींचे २,१०० नंतरचे तिन्ही आकडे मोठ्या फरकाने चढले आहेत. इथे वाट बघण्यासारखं काही नाही.

तरीही औषध सुरू होण्यापूर्वी दोन-तीन गोष्टींची खात्री झाली आहे का, हे विचारून घ्या. या काळात नवीन गर्भ राहिलेला नाही ना, हे सोनोग्राफीत पाहिलेलं असावं. सगळे आकडे एकाच लॅबचे असावेत, कारण वेगवेगळ्या यंत्रांची मोजणी जुळत नाही आणि पिंपळगावचा एक, नाशिकचा एक अशी सरमिसळ झाली की चढ खरा की यंत्राचा, हे कळत नाही. क्वचित एखाद्या बाईच्या रक्तातली प्रतिपिंडं यंत्राला फसवतात आणि आजार नसताना एचसीजी दिसत राहतं. तिथे लघवीची तपासणी करायची. रक्तात आकडा आणि लघवीत काहीच नाही, तर तो खोटा. अशा खोट्या आकड्यासाठी केमो दिल्याची, पिशवी काढल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. उलटही घडतं. एचसीजी कित्येक लाखांत असताना यंत्र गोंधळून अगदी छोटा आकडा दाखवतं, मग लॅबला नमुना पातळ करून पुन्हा तपासायला सांगावं लागतं. वहिनींच्या बाबतीत भिंतीतली गाठ आणि छातीतले ठिपके आकड्याशी जुळताहेत, त्यामुळे मला शंका वाटत नाही.

आता स्कोअर कसा येतो ते पाहा, म्हणजे डॉक्टरांशी बोलताना कागद समोर ठेवून बोलता येईल. वय ४० च्या आत, शून्य. आधीचं गरोदरपण द्राक्षगर्भाचं, शून्य. गर्भपात असता तर १, पूर्ण दिवसांची प्रसूती असती तर २. त्या गरोदरपणाला चार महिने व्हायचे आहेत, शून्य. उपचाराआधीचा एचसीजी १,००० ते १०,००० च्या दरम्यान, १. सर्वांत मोठी गाठ ३ ते ५ सेंटिमीटरच्या मधली, १. आजार पसरलेली जागा फुप्फुस, त्याला शून्य. यकृत किंवा मेंदू असता तर एकदम ४. पसरलेल्या गाठी एक ते चार, १. आधी केमो दिलेली नाही, शून्य. बेरीज ३. कागदावर हे ‘३ : ३’ असं लिहितात, आधी स्टेज, मग स्कोअर. फुप्फुसातल्या गाठी मोजायच्या त्या साध्या एक्स-रेवर. सीटीत बारीकसारीक ठिपके आणखी दिसतात, पण ते स्कोअरमध्ये धरत नाहीत. छातीचा सीटी कुणी करून घेतला आणि त्यात सहा ठिपके आले म्हणून घाबरू नका. दोन्ही बीजाशयांत मोठाले पाण्याचे फुगे दिसले, तर तेही चढलेल्या एचसीजीमुळे आलेले असतात आणि आकडा उतरला की विरतात. त्यासाठी ऑपरेशनला कुणी तयार करू लागलं तर थांबा.

उपचाराचं औषध जुनं आणि स्वस्त आहे : मेथोट्रेक्सेट. सगळ्यांत रुळलेली पद्धत अशी की पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी स्नायूत इंजेक्शन, आणि मधल्या दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या दिवशी फोलिनिक ॲसिडची गोळी. मग विश्रांती, आणि सुरुवातीपासून चौदा दिवसांनी पुढचं चक्र. काही केंद्रं त्याऐवजी दोन आठवड्यांतून एकदा शिरेतून ॲक्टिनोमायसिन-डी देतात. पिंपळगावहून एक दिवसाआड नाशिकला येणं जमत नसेल तर हा पर्याय विचारून पाहा. दोन्ही चालतात. ॲक्टिनोमायसिनने केस थोडे विरळ होतात आणि ते शिरेबाहेर सांडलं तर कातडी जाळतं, म्हणून ते अनुभवी हातांनीच द्यावं. मेथोट्रेक्सेटने सहसा केस जात नाहीत. हे वहिनींना पहिल्यांदा सांगा. बायकांना हा प्रश्न विचारायचा असतो, पण जिवावरचं दुखणं असताना केसांचं कसं विचारायचं म्हणून त्या गप्प बसतात.

गोळीबद्दल जरा थांबते, कारण इथे घोटाळे होतात. फोलिनिक ॲसिड, म्हणजे ल्युकोव्होरिन, आणि गरोदरपणात देतात ते फोलिक ॲसिड ही वेगवेगळी औषधं आहेत. मेडिकलवाल्याने ‘तेच आहे’ म्हणून दुसरं हातात ठेवलं तर घेऊ नका. घरात आधीच्या फोलिकच्या गोळ्या उरल्या असतील तर त्या, आणि फोलिक ॲसिड असलेली ताकदीची औषधंही, उपचार संपेपर्यंत बंद. मेथोट्रेक्सेट फोलेटचाच रस्ता अडवून काम करतं. अंगदुखीच्या गोळ्या आणि काही प्रतिजैविकं डॉक्टरांना न विचारता घ्यायची नाहीत, विशेषतः सल्फा असलेली को-ट्रायमॉक्साझोल. काढे, भस्मं, भुकट्या नकोत, कारण यकृतावर ताण कशाने आला हे मग कळत नाही. पाणी भरपूर. तोंड येईल, डोळे चुरचुरतील, एखादीला श्वास घेताना छातीत टोचल्यासारखं होईल. तोंडासाठी मऊ ब्रश, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, तिखट काही दिवस बाजूला. प्रत्येक चक्राआधी पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, यकृत आणि मूत्रपिंडाचे रिपोर्ट बघूनच पुढचं इंजेक्शन द्यायचं.

आता मूळ मुद्दा : कुठे थांबायचं. चार-सहा आठवड्यांत आकडा झपाट्याने उतरतो, बाईला बरं वाटू लागतं, रक्त जायचं थांबतं. बरोबर याच वेळी उपचार सुटतात. आपल्याकडे द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीला सुटतात, नाहीतर जानेवारीनंतर माल काढणीला आला की सुटतात. ‘आता बरी आहे, माल गेला की येतो’ हे वाक्य निफाड-दिंडोरीकडच्या नवरे मंडळींकडून मी इतकं ऐकलं आहे की छाटणीच्या तारखा आधी विचारून घेते.

या आजाराचा इतिहास इथे उपयोगी पडतो. १९५६ मध्ये अमेरिकेत मिन च्यू ली आणि रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेटने पसरलेला कोरिओकार्सिनोमा काबूत आल्याचं प्रसिद्ध केलं. पसरलेला घन, म्हणजे गाठीचा, कॅन्सर निव्वळ औषधाने बरा होण्याचं ते पहिलं उदाहरण मानतात. ली यांचा हट्ट असा की एक्स-रे स्वच्छ झाला तरी लघवीतलं संप्रेरक पूर्ण जाईपर्यंत औषध द्यायचं. वरिष्ठांना हे म्हणजे बऱ्या झालेल्या बायकांना विष देणं वाटलं आणि ली यांना ते काम करत होते ती संस्था सोडावी लागली. पुढे दिसलं ते असं : ज्या बायकांचं औषध लवकर थांबवलं होतं त्यांचा आजार उलटला आणि ली यांच्या पद्धतीने गेलेल्या बऱ्या राहिल्या. १९७२ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

तोच नियम आजही चालतो, फक्त मोजमाप नेमकं झालं आहे. आकडा नॉर्मल, म्हणजे साधारण ५ च्या खाली, आला तरी तिथे थांबायचं नाही. त्यानंतर आणखी साधारण तीन चक्रं, म्हणजे सहा आठवडे. कारण आकडा नॉर्मल दाखवत असतानाही यंत्राला न दिसणाऱ्या पुष्कळ पेशी अंगात उरलेल्या असू शकतात. मग पुढे निदान वर्षभर ठरल्या तारखेला तपासणी. उपचार संपल्यावर एक्स-रेत ठिपक्यांचे व्रण बराच काळ दिसू शकतात. आकडा नॉर्मल असेल तर ते निर्जीव डाग आहेत, कापून काढायचे नसतात.

एका औषधाने आकडा खाली यायचा थांबला तर? असं होतं, आणि ती हार नव्हे. मेथोट्रेक्सेट अडलं तर ॲक्टिनोमायसिन, आणि आकडा जास्त असेल किंवा तेही अडलं तर पाच औषधांचं ईएमए-सीओ. सुरुवातीपासूनच जास्त जोखमीचा स्कोअर असेल तिथेही हेच पहिलं. यात मात्र केस जातात, रक्तातल्या पेशी उतरतात, त्रास खरा असतो, पण जास्त जोखमीच्या गटातल्याही दहापैकी नऊच्या आसपास बाया वाचतात. त्याही पलीकडे प्लॅटिनमवर आधारित औषधं आणि अलीकडे पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारी औषधं, आहे. वहिनींना तिथवर जावं लागेल असं कागद बघून वाटत नाही.

पिशवी काढण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे : नको. २७ वर्षांचं वय, मूल नाही आणि आजार आधीच फुप्फुसात. पिशवी काढली तरी ते दोन ठिपके तिथेच राहणार, म्हणजे इंजेक्शनं चुकणार नाहीतच. चाळिशी उलटलेली, मुलं झालेली, आजार पिशवीपुरताच असलेली बाई असेल तर पिशवी काढल्याने केमो कमी लागू शकते, तिथे मी स्वतः हा पर्याय मांडते. काबूत न येणारा रक्तस्राव असेल तर वेगळी गोष्ट. पुन्हा एकदा क्युरेटिंग करून बघू, असंही कुणी सुचवेल. भिंतीत साडेतीन सेंटिमीटर शिरलेली गाठ खरवडून निघत नाही आणि पिशवीला भोक पडायची भीती राहते.

नाशिकमध्ये की मुंबईला? कमी जोखमीच्या आजाराचे उपचार नाशिकमध्येच करा. इथे केमोथेरपी देणारी केंद्रं आहेत, औषध साधं आहे, आणि वेळ पाळणं हेच मोठं काम आहे. ते घराजवळ जास्त नीट पाळलं जातं. पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची, रात्री परत यायचं, असं एक दिवसाआड महिनोन्‌महिने कुणाच्याने होत नाही. दुसरं मत हवं असेल तर एकदा परळच्या टाटा मेमोरियलला सगळे कागद आणि साफ केलेल्या द्राक्षगर्भाच्या पॅथॉलॉजीच्या काचा व ठोकळे घेऊन जा, उपचारांची दिशा पक्की करून घ्या आणि इंजेक्शनं इथे. पण त्यासाठी पहिलं इंजेक्शन दोन-तीन आठवडे लांबवू नका. स्कोअर ७ किंवा जास्त असता, यकृत-मेंदूत आजार असता, तर मीच म्हटलं असतं की थेट मोठ्या केंद्रात जा. खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची केमोथेरपी बसते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून पहिल्याच दिवशी विचारा. बाहेरून औषधं आणून नंतर बिलं घेऊन गेलात तर पंचाईत होते.

मुलाचं. मेथोट्रेक्सेटच्या उपचारांनंतर पाळी परत येते, मुलंही होतात, आणि त्या मुलांत व्यंगाचं प्रमाण वाढलेलं आढळत नाही. उपचार संपल्यावर एक वर्ष थांबायचं. याचं मुख्य कारण मोजणीचं : गर्भ राहिला की एचसीजी चढणारच, मग तो आजार उलटल्याचा की बाळाचा, हे कसं ओळखायचं? तोवर गर्भनिरोधक गोळ्या चालतात, उपकेंद्रात आशाताईंकडे मिळणारी माला-एनसुद्धा. गोळ्यांनी हा आजार वाढतो ही समजूत जुनी. आकडा नॉर्मल होईपर्यंत तांबी मात्र बसवायची नाही. पुढच्या खेपेला पुन्हा द्राक्षगर्भ होण्याची शक्यता शंभरात साधारण एक, म्हणजे नव्याण्णव वेळा नाही. दिवस गेले की लवकर सोनोग्राफी करायची, आणि प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी एकदा एचसीजी बघायचं.

त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करावी का, असं घरात कुणीतरी विचारलंच असेल. श्रद्धेच्या आड मी येत नाही. पण त्या विधीला तीन दिवस बसावं लागतं आणि केमोमध्ये पेशी उतरलेल्या असताना गर्दीत, ओल्या अंगाने बसणं वहिनींना झेपणार नाही. करायचीच असेल तर उपचार पूर्ण झाल्यावर करा.

हे वाचणाऱ्या इतर घरांसाठी थोडं. गर्भपातानंतर निघालेला मांसाचा प्रत्येक भाग पॅथॉलॉजीला जायला हवा. लहान नर्सिंग होममध्ये ‘काही नाही, साधाच होता’ म्हणून तो टाकून दिला जातो. सोनोग्राफी न करता मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणून घेतल्या तर द्राक्षगर्भ कळतच नाही. आणि हा आजार फक्त द्राक्षगर्भानंतरच होतो असं नाही, साध्या गर्भपातानंतर किंवा नीट झालेल्या बाळंतपणानंतरही होऊ शकतो. बाळंतपणाला सहा आठवडे उलटून गेल्यावरही अधूनमधून लाल जात असेल, किंवा तरुण बाईला खोकल्यातून रक्त पडून एक्स-रेत गोल गोल डाग दिसत असतील, तर टीबीच्या गोळ्या सुरू करण्याआधी एक गरोदरपणाची पट्टी करून बघा. आपल्याकडे टीबी इतका आहे की डॉक्टरांचं मन आधी तिकडेच जातं, आणि थुंकीत जंतू न सापडताही औषध सुरू होतं. पट्टी दोन मिनिटांत होते. जीटीएनच्या कुटुंबात एक आणखी दुर्मीळ भावंड आहे, वार जिथे चिकटते तिथल्या पेशींचं. त्यात एचसीजी थोडंच चढतं, आधीच्या गरोदरपणानंतर वर्षांनी उगवतं, केमोला नीट दाद देत नाही. तिथे तुकडा तपासणं आणि पिशवी काढणं हेच पहिले उपाय. म्हणून आकडा अगदी कमी आणि तरीही रेंगाळलेला असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लावू नका.

राहिलं वहिनींना सांगण्याचं. सांगा. त्यांना इंजेक्शनाचे दिवस पाळायचे आहेत, गोळी योग्य दिवशी घ्यायची आहे, वर्षभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत, तोंड आलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी कळवायचं आहे. हे सगळं ‘रक्तवाढीची इंजेक्शनं आहेत’ म्हणून कसं करून घेणार? शिवाय केमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरची बाई पहिल्याच दिवशी सांगून टाकते. दादांनी सांगावं, शक्य तर डॉक्टरांसमोर, आणि त्याच बैठकीत स्कोअरचा कागद पुढ्यात ठेवून बरं होण्याचंही सांगावं. सासूबाई तिथे असल्या तर आणखी चांगलं, म्हणजे घरी दोन वेगवेगळ्या गोष्टी चालणार नाहीत.

या मधल्या काळात संबंध टाळा. योनीतून गठ्ठ्यांनी रक्त गेलं, पोटात एकाएकी जोराची कळ येऊन चक्कर आली, खोकल्यातून रक्त पडलं, दम लागला, डोकं असह्य दुखून उलट्या झाल्या किंवा हातापायातली ताकद गेली, तर सकाळची वाट बघू नका. उपचार सुरू झाल्यावर १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला तरी तसंच. रात्री जाल तेव्हा ड्यूटीवरच्या डॉक्टरांना आधी हा आजार सांगा, कागद दाखवा, आणि वहिनींचा रक्तगट ठळक अक्षरात फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तो निगेटिव्ह असेल तर पिशवी साफ केली त्या वेळी अँटी-डी इंजेक्शन दिलं होतं का, हे त्या नर्सिंग होमकडून लेखी घ्या.